रास्ता रोको नेमका कुणाला रोखतो?

पारोळा सोडलं की मुकटीपर्यंत एसटीतला माणूस हमखास डुलकी काढतो. काही वर्षांपूर्वी जळगावहून धुळ्याला जाताना मीही काढली. डिसेंबर होता. जाग आली ती इंजिन बंद पडल्याच्या शांततेने. पुढे ट्रकांची रांग, त्यापुढे रस्त्यावर आडव्या लावलेल्या दोन बैलगाड्या, मध्ये धूर सोडणारा एक जुना टायर आणि कापसाच्या भावाच्या घोषणा.

कंडक्टरने सवयीने पास-तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन हिशेब जुळवायला सुरुवात केली. म्हणजे वेळ लागणार हे ठरलं. मागच्या सीटवरचा एक माणूस मात्र उतरून थेट बैलगाडीपाशी गेला. धुळ्याच्या दवाखान्यात त्याची आई होती. "मन्ही माय दवाखानामा शे," तो म्हणाला. अडवणारा पोरगा उर्मट नव्हता, उलट ओशाळला. "दादा, आमना कापूस घरमा पडेल शे," एवढंच बोलला. त्यावर या माणसाने जे उत्तर दिलं ते मी विसरलेलो नाही: "मन्हा बी पडेल शे."

दोघांच्याही घरात विकला न गेलेला कापूस. एक रस्ता अडवून उभा, दुसरा अडकलेला. आणि ज्याच्याकडे कापसाचा भाव ठरवण्याचा अधिकार आहे, तो त्या वेळी पारोळा-धुळे रस्त्यावर नव्हता.

पन्नास मिनिटांनी नायब तहसीलदार आले, निवेदन घेतलं, फोटो निघाले, पोलिसांनी दहा-बारा जणांना गाडीत बसवून नेलं आणि वाहतूक सुरू झाली. या पन्नास मिनिटांनी कापूसवाल्यांचं भलं झालं की त्यांचं नाव खराब झालं? खानदेशात हा प्रश्न पारावरही निघतो आणि वकिलांच्या बाररूममध्येही. उत्तर मात्र बहुधा आपण त्या दिवशी बसमध्ये होतो की बैलगाडीजवळ, यावरून ठरतं.

आधी एवढं पाहू की माणसं रस्ताच का धरतात. गिरणी कामगार संपावर गेला की मालकाचं यंत्र थांबतं, नुकसान थेट मालकाचं होतं. शेतकऱ्याने संप करायचा तर कुणाविरुद्ध? त्याने कापूस विकायचं थांबवलं तर तो घरातच राहतो, वाळून वजन घटतं, रंग पिवळा पडतो, घरभर खाज सुटते आणि सोसायटीचं व्याज चढत राहतं. केळीवाल्याची तर त्याहून बिकट अवस्था. रावेर-यावलच्या बागेत कापणीला आलेला घड भावासाठी आठ दिवस थांबवता येत नाही. रोखून धरण्यासारखं हातात काही नसलेला माणूस मग दुसऱ्याचं काहीतरी रोखतो. आणि खानदेशात रोखण्यासारखे रस्ते आहेत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मुंबईकडून येणारा लोहमार्ग भुसावळला फुटतो, एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्याकडून उत्तरेला. धुळ्याच्या चौफुलीवर शंभर माणसं बसली तर त्याची झळ इंदूरपर्यंत लागते.

'रास्ता रोको' हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी पक्का बसला तो १९८० मध्ये. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेल्या शरद जोशींनी त्या वर्षी आधी चाकणला कांद्यासाठी आणि मग नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या. उसाला टनामागे ३०० रुपये, ही मागणी शाळेतल्या पोरालाही पाठ होती. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, हजारो तुरुंगात गेले, आणि अखेर अंतुले सरकारला उसाच्या भावावर नमावं लागलं. महाराष्ट्राने यातून एक धडा घेतला की रस्ता अडवला की सरकार हलतं. माझ्या मते हा धडा अर्धाच घेतला गेला. त्या आंदोलनामागे गावोगावच्या सभा होत्या, उत्पादनखर्चाचा शेतकऱ्याला स्वतः मांडता येईल असा हिशेब होता आणि एकच आकडा होता. रस्ता हा त्या सगळ्याचा शेवटचा टप्पा होता. पुढच्या चाळीस वर्षांत शेवटचा टप्पा तेवढा उरला.

आता लोकमताकडे येऊ. अडवणूक लोकांना आवडत नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. पण 'लोकांना आवडलं नाही' आणि 'प्रश्न मागे पडला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्यांची सतत गल्लत होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीला आज सगळे नमस्कार करतात. तेव्हा काय होतं? बसमध्ये काळे-गोरे एकत्र बसून दक्षिणेकडच्या राज्यांत जाणाऱ्या 'फ्रीडम रायडर्स'बद्दल १९६१ मध्ये गॅलप संस्थेने विचारलं, तेव्हा ६१ टक्के लोकांनी नापसंती सांगितली. पसंती होती २२ टक्क्यांची. १९६४ मध्ये ७४ टक्के लोकांचं मत होतं की मोर्चे-निदर्शनांनी कृष्णवर्णीयांचं नुकसानच होईल. त्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मतदानाच्या हक्काचा. ज्यांना ती चळवळ आवडत नव्हती, त्यांनाही तिचा विषय टाळता येईना.

इंग्लंडमधलं अलीकडचं उदाहरण गमतीचं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात 'जस्ट स्टॉप ऑइल' या गटाचे लोक लंडनभोवतीच्या एम-२५ या महामार्गावरच्या कमानींवर चढून बसले आणि वाहतूक ठप्प केली. लोक भडकले. संशोधकांनी आधी आणि नंतर त्याच लोकांना प्रश्न विचारले. 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या सौम्य पर्यावरण संस्थेला पाठिंबा देणारे ५०.३ टक्क्यांवरून ५२.९ टक्के झाले होते. वाढ लहान आहे, तिचा बाऊ करण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे हे घराघरात माहीत आहे की धाकटा भाऊ कुऱ्हाड घेऊन उभा राहिला की थोरल्याशी बोलणी करायला समोरचा लगेच तयार होतो.

कुऱ्हाड खरोखर चालली की गणित उलटतं. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ मोठ्या लढ्यांचा हिशेब मांडला. निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, सशस्त्रांपैकी २६ टक्के. ओमार वासो यांनी अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या आंदोलनांचा अभ्यास केला. जिथे आंदोलक शांत आणि पोलीस हिंसक होते, तिथे वर्तमानपत्रांत 'हक्क' हा विषय झाला. जिथे आंदोलकांकडून जाळपोळ झाली, तिथे 'कायदा-सुव्यवस्था' हा विषय झाला आणि १९६८ च्या निवडणुकीत मतं निक्सनकडे सरकली. दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांचंही २६ जानेवारी २०२१ ला लाल किल्ल्यावर हेच होऊ घातलं होतं. एका दुपारी दोन महिन्यांची पुण्याई धोक्यात आली. ते पुन्हा बसून राहिले, म्हणून १९ नोव्हेंबरला कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली.

हे सगळं बाहेरचं झालं. या प्रश्नाचा आपल्याच मातीतला सगळ्यात मोठा दाखला शहाद्याचा आहे, आणि खानदेशातल्या तिशीतल्या वाचकाला तो बहुधा ठाऊक नसतो, याचं मला वाईट वाटतं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. तापीकाठची काळी जमीन, उसाची आणि केळीची शेती आणि त्या शेतीत राबणारे भिल आदिवासी. त्यांतल्या कित्येकांच्या जमिनी सावकारीत, कागदोपत्री फिरवाफिरवीत बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि ते आपल्याच शेतात सालदार झाले होते. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि हा प्रश्न धुळ्याबाहेर गेला. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, भजन-कीर्तनातून लोकांना जागं करत होते. सर्वोदयाचे कार्यकर्ते आले, पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं आली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

या संघटनेने अडवणूक केली का? भरपूर केली. ऐन हंगामात काम बंद, घेराव, गमावलेल्या शेतात जाऊन नांगर धरणं. बायकांनी तर दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली, आणि तेवढ्यावर न थांबता दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी शहाद्याच्या चळवळीवर लिहिलं, ते जगभरच्या अभ्यासकांनी वाचलं. पण यातली प्रत्येक अडवणूक नीट पाहा. काम बंद पडलं ते ज्याने मजुरी बुडवली त्याचं. नांगर पडला तो ज्या जमिनीचा वाद होता तिच्यावरच. मडकं फुटलं ते ज्या दारूने घर मोडलं तिचं. बघणाऱ्याला समजावून सांगायची गरज उरत नव्हती. त्रास आणि तक्रार यांच्यामध्ये अंतरच नव्हतं.

या चळवळीला शिव्या कमी पडल्या नाहीत. नक्षलवादी ठरवण्यापासून कोर्टकचेऱ्यांत अडकवण्यापर्यंत सगळं झालं. गावातल्या अनेकांना ती मुळीच आवडत नव्हती. पण १९७४-७५ मध्ये आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचे कायदे महाराष्ट्राने केले, त्यामागे शहाद्यासारख्या ठिकाणचा रेटा होता. अंबरसिंग महाराज १९७४ मध्येच गेले. कायद्याची अंमलबजावणी रखडत, अर्धवट झाली, पुष्कळ जमीन आजही परत आलेली नाही. तरीही तळोदा-शहादा भागात सालदाराशी बोलण्याची भाषा त्या पाच वर्षांत बदलली ती बदललीच.

आता याच्या शेजारी २०१८ चा मार्च ठेवतो. किसान सभेचा लाँग मार्च ६ तारखेला नाशिकहून निघाला. वनजमिनीच्या दाव्यांसाठी हजारो आदिवासी शेतकरी पायी मुंबईकडे. ११ ला ते सायनच्या सोमय्या मैदानात पोचले. दुसऱ्या दिवशी सोमवार, आणि दहावीचा पेपर. सकाळी एवढी माणसं रस्त्यावर उतरली असती तर पोरांची परीक्षा हुकली असती. पाच दिवस चालून पायाला फोड आलेली माणसं मग रात्रीच उठली आणि अंधारात आझाद मैदान गाठलं. सकाळी मुंबईकर जागे झाले तेव्हा रस्ते मोकळे होते. त्या दिवशी लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात खानदेशचीच माणसं गेली. प्रतिभा शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या लोकसंघर्ष मोर्चाने ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत 'उलगुलान' मोर्चा काढला. त्यात सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांनाही लेखी आश्वासन मिळालं.

म्हणजे सौम्यपणा जिंकला, असं म्हणून थांबता येईल का? लाँग मार्चवाल्यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं आणि मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. ज्या मागण्यांवर २०१८ मध्ये लेखी आश्वासन मिळालं होतं, त्यातल्या बऱ्याचशा पुढच्या खेपेलाही यादीत होत्या. शहरातल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणं आणि तलाठी-वनरक्षकाच्या टेबलावरचा कागद हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका रात्रीत होतं. दुसऱ्याला तालुक्याच्या गावी दर आठवड्याला जाऊन बसणारा माणूस लागतो, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

इथे साने गुरुजींची आठवण येणं अपरिहार्य आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीता प्रवचनं उतरवून घेणारे गुरुजी म्हणजे आपल्या मनातले रडवे, हळवे गुरुजी. १ मे १९४७ ला पंढरपुरात विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींकडून उपोषण थांबवा असा निरोप आला, तरी मागे हटले नाहीत. दहा दिवसांत मंदिराचा मार्ग मोकळा झाला. लक्षात राहतात ते दहा दिवस. त्याआधीचे काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, सेवादलाच्या पोरांनी गावोगाव कार्यक्रम केले आणि शेकडो गावांतली विहिरी-देवळं त्या दौऱ्यातच उघडली गेली, ते मात्र विस्मरणात जातं. बडव्यांपुढे दहा दिवस उपाशी बसलेला माणूस एकटा दिसत होता, पण महाराष्ट्र आधीच निम्मा त्याच्या बाजूला आलेला होता.

आजच्या रास्ता रोकोत हा आधीचा भाग कुठे दिसतो? आता त्याचा एक ठरीव कार्यक्रम झाला आहे. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात पत्र. पोलिसांची कलम १४९ ची नोटीस, आता नव्या संहितेत तिचा आकडा बदलला. सकाळी अकराची वेळ, कारण दुपारपर्यंत बातमी पोचली पाहिजे. अर्धा-पाऊण तास ठिय्या, तहसीलदारांना निवेदन, ताब्यात घेऊन सुटका. गुन्हा दाखल होतो, आणि काही वर्षांनी सरकार आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय काढतं. त्यातली नेहमीची अट अशी की जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या आत असावं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. दबाव म्हणजे समोरच्याला पुढे काय होईल याची खात्री नसणं. इथे तर वेळापत्रक आहे.

न्यायालयांनीही आपली बाजू सांगून ठेवली आहे. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. शाहीन बागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० ला सांगितलं की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवण्याचा नाही. रेल्वे रोको केला तर रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातलं काहीही ऐकून कुणी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

अशा ठरीव रास्ता रोकोला एक अपवाद जळगावातच आहे. शहराच्या पोटातून जाणारा महामार्ग, अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत आणि पुढे. शाळेची पोरं, दूधवाले, म्हाताऱ्या त्याच रस्त्यावरून आणि अवजड ट्रकही त्याच रस्त्यावरून. माणसं मरत होती. समांतर रस्ते करा, म्हणून नागरिकांची कृती समिती झाली, उपोषणं झाली, रस्ताही अडवला गेला. त्या रास्ता रोकोत अडकलेल्या जळगावकराची कुरकुर कमी होती, कारण ज्या रस्त्यावर तो अडकला होता तोच प्रश्न होता. त्याच्या ओळखीतलं कुणीतरी त्याच रस्त्यावर गेलेलं होतं. पुढे शहरातल्या पट्ट्याचं काम झालं, भुयारी मार्ग झाले. काम कसं झालं यावर जळगावात दोन मतं आहेत, पण ते व्हायला हवं होतं यावर नाहीत.

म्हणून 'आंदोलनाने त्रास झाला' ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. त्रास होणारच, तो नसेल तर ते निवेदन आहे. माझा आक्षेप चुकीच्या माणसाला झालेल्या त्रासाबद्दल आहे. मुकटीच्या अलीकडे अडकलेला तो माणूस कापूस उत्पादकांचा शत्रू नव्हता, त्यांचाच भाऊबंद होता. त्या दिवशी तो परत गाडीत येऊन बसला आणि उरलेला रस्ताभर आंदोलकांना शिव्या देत होता. पन्नास मिनिटांत कमावलं काय, ठाऊक नाही. एक माणूस नक्की गमावला.

त्या निवेदनाची एक प्रत मी मागून घेतली होती, अजून फाईलमध्ये आहे. त्यात चौदा मागण्या आहेत. पहिली कापसाच्या हमीभावाची, जो केंद्र सरकार ठरवतं. मध्ये कुठेतरी वीजबिल माफी, पीकविमा. शेवटची फाट्यावर प्रवासी निवारा बांधण्याची. मुदत कुठल्याच मागणीला नाही. वर लिहिलं आहे, 'मा. तहसीलदार साहेब यांसी'.

पुढच्या वेळी तुमची गाडी अशी अडली, तर चिडून बसण्यापेक्षा खाली उतरा आणि निवेदनाची प्रत मागा. मागणी एक आहे का, ती ज्याच्या हातात आहे त्याच्याच नावे आहे का आणि तिला तारीख आहे का, एवढं पाहा. असेल, तर तास-दीड तास उन्हात थांबायला हरकत नाही. जमलं तर त्यांच्याबरोबर बसा. नसेल, तर ते अडवणाऱ्यालाच विचारा. तोही बहुधा पहिल्यांदाच तो कागद वाचेल.